आडखिंडीतला आडवा धोंडा

आडखिंडीची खरी गोष्ट सांगणारा उभ्या मुलखात मी एकटाच. बाकीचे वारले, म्हणून. परवा मोजणीखात्याच्या बाई यंत्र घेऊन हद्द ठरवायला आल्या, तेव्हा त्यांनाही मी ती ऐकवली. त्यांच्या शिपायाचं पोट खिंडीत आधी पोचलं, शिपाई मागून आला.

खिंडीच्या मध्यावर हद्दीचा धोंडा आहे. जगातले हद्दीचे दगड उभे असतात. आमचा आडवा पडलाय, आणि माणसं बसून बसून गुळगुळीत झालाय.

मोठं युद्ध संपलं तसा साहेब थकला आणि मुलूख राजांच्या हवाली करून आपल्या देशी गेला, म्हणे. आमची खिंड कुणाची, तेवढं सांगायला विसरला. वर काळगड संस्थान, खाली हिरेकोट. काळगडचा कारभारी आला की धोंडा खाली न्यायला लावी, हिरेकोटचा आला की परत वर. कारभारी दोन, खांदे तेच. दोन वर्षं असं चाललं, असं सांगतात. गावाला राग यायचाही कंटाळा आला होता.

गावात सातव्वा नावाची बाई होती. तिचा पोरगा मलगोंडा युद्धावरून जिवंत आला, पण विषारी धुरानं छाती गेलेली. दहा पावलं चालला की बसायचा. एके दिवशी माणसं कमी पडली, तसं त्यालाही धोंड्याला लावलं. नेमके त्या दिवशी दोन्ही कारभारी हजर. खिंडीच्या मध्यावर मलगोंडा कोसळला.

"ठेवा रे खाली," सातव्वा म्हणाली. धोंडा आडवा ठेवला, तशी ती त्यावर बसली आणि पोराचं डोकं मांडीवर घेतलं. "याचा श्वास जागेवर येईपर्यंत मी उठायची नाही."

"तू रयत कुणाची?" कारभाऱ्यांनी दरडावलं.

"ज्यानं माझं पोरगं युद्धावर धाडलं, त्याची. त्यानं पुढं यावं, मला उठवावं."

भरतीच्या वेळी दोन्ही संस्थानांनी याच गावात दवंडी पिटली होती. आता एक कारभारी पागोटं सारखं करू लागला, दुसरा घोड्याचा खूर बघू लागला. दिवस मावळायच्या आत दोघेही निघून गेले. धोंडा पडला तो पडलाच. मलगोंड्याचा श्वास जागेवर आला का, यावर गावात दोन मतं आहेत. सातव्वा उठलेली मात्र कुणी पाहिली नाही, असं सांगतात.

आजही खिंड ओलांडणारा, नवरी असो की फौजदार, आधी धोंड्यावर बसतो. कुठला म्हणून त्याला विचारायचं नाही. त्यानंही श्वास जागेवर आला की उठायचं, उगाच जागा अडवायची नाही.

"तेव्हा बसा बाई," मी धोंड्यावर जरा सरकून म्हणालो, "यंत्रही ठेवा खाली. तेही दमलंय बिचारं."

बाई बसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, गेल्या साली मी आले तेव्हाही तुम्ही इथंच बसला होतात. तुमचा श्वास अजून जागेवर आला नाही का?"