आत्याबाईंच्या दोन वाट्या

शेजारच्या मृणालचं डोहाळजेवण होतं. शेजारधर्म म्हणून मी अगदी पुढेच बसले. मृणालच्या नवऱ्याने हौसेने आणलेला इवलासा फ्रॉक पाहून त्याच्या दमयंतीआत्या कडाडल्या, "परत करा हा! मुलगाच होणार. माझं भाकीत चुकत नाही."

मग त्यांनी स्वतः दोन झाकलेल्या वाट्या मांडल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मृणालने एक उघडली. पेढा!

"बघ! आण तो फ्रॉक इकडे."

"थांबा आत्या, जुळं असलं तर?" म्हणत मृणालने दुसरीही उघडली. तिच्यातही पेढाच!

मृणाल गोड हसली. "एवढी खात्री होती, तर बर्फीला कशाला घाबरलात?"

आत्यांनी घाईने पेढा तोंडात टाकला. फ्रॉक कपाटात गेला.