हाका थांबवणारा कोंडबा

डोंगरातली घरं गवतानं शाकारलेली होती आणि घाटाखालचा बाजार गाठायला दोन दिवस चालावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. पायरघोळ गावात कोंडबा डिगे नावाचा माणूस होता. त्यानं जन्मात बंदूक हातात धरली नाही. तरी त्याच्यावाचून गावाची शिकार निघत नसे.

भात झोडून झालं, की मार्गशीर्षातल्या पहिल्या मंगळवारी गावाची पहिली शिकार असे. ठासणीच्या बंदुका गावात तीनच. बंदूकवाले वर खिंडीत दबा धरून बसत. बाकीची चाळीस माणसं खालून रांगेनं आरोळ्या ठोकत, डबे बडवत रान वर हाकत नेत. त्याला हाका म्हणत. मिळेल त्याचे वाटे घरटी सारखे पडत. कुत्र्यालाही वाटा असे, पोटुशी बाईला दोन. पहिला मंगळवार कोरडा गेला, तर वर्ष वाईट जातं असं गाव मानी.

हाक्याचा म्होरक्या कोंडबा. त्याची आरोळी सात डोंगर ओलांडून जाई, असं म्हणतात. आणि कान आरोळीहून तिखट. चाळीस गळे एकदम ओरडत असले, तरी कोण कुठं आहे ते तो डोळे मिटून सांगे. आता तसे कान राहिले नाहीत.

एकदा काय झालं, सलग दोन वर्षं पहिला मंगळवार कोरडा गेला. तिसऱ्या वर्षी मात्र कारवीच्या रानात मोठं सांबर उतरल्याची खबर आली. त्याच्या शिंगांत घार घरटं करील, एवढं मोठं. गाव हरखलं.

कोंडबाच्या धाकट्या बहिणीचं, हौसाचं, त्याच वर्षी लग्न झालं होतं. तिचा नवरा येसू खालच्या अंगाचा, सपाटीवरचा. तोही हाक्याला आला.

"पाव्हणं, सांबर म्हंजी शेळी न्हवं," हाक्यातला म्हादू म्हणाला. "पाला दावून येत न्हाई ते."

"येईल न्हाईतर मी आणीन," येसू म्हणाला.

माणसं हसली. येसू हसला नाही.

हौसा भावाला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, त्यांना रानाची माहिती न्हाई. जसं नेतोस तसं माघारी आण."

"आणतो," कोंडबा म्हणाला. तो एका शब्दाचा माणूस.

हाका सुटला. थंडी कडक होती. येसूनं तपकिरी घोंगडी डोक्यावरून घेतली होती. गावचा कोणी तसं करत नसे, पण पाव्हण्याला ते सांगायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. अर्ध्या चढावर धुकं उतरलं. हाताशी असलेला माणूस दिसेना. तेवढ्यात पुढं कारवी मोडल्याचा आवाज आला. सांबर उठलं होतं आणि नीट खिंडीकडं निघालं होतं. आरोळ्या दुप्पट झाल्या.

कोंडबा चालता चालता गळे मोजत होता. एकोणचाळीस भरले. येसूचा नव्हता.

त्याला सगळं कळलं. येसूला खुराचा ताजा माग दिसला असणार आणि गप्प राहून तो एकटाच पुढं गेला असणार. वर खिंडीत बंदूक घेऊन नाना साबळे बसला होता. नानाची गोळी कधी वाया जात नसे.

हाका मध्येच थांबवायचा नसतो. थांबला की जनावर उलटतं आणि रांग फोडून निघून जातं. तिसरा मंगळवार कोरडा जाणार होता. चाळीस घरांच्या चुली कोंडबाला डोळ्यांपुढं दिसल्या. हौसाही दिसली.

तो ओरडला, "थांबा."

त्या आरोळीनं कारवी आडवी झाली, असं म्हणतात. गावात उतरंडीवरची मडकी वाजली. ओढ्याचं पाणी घटकाभर थबकलं. आणि लुगडं टरकावं तसं धुकं वरपासून खालपर्यंत फाटलं. नानानं कारवीत हलणाऱ्या तपकिरी पाठीवर नेम धरला होता, बोट चापावर होतं. धुकं फाटलं आणि त्या पाठीखाली त्याला माणसाचे दोन पाय दिसले. त्यानं नळी आभाळाकडं केली.

सांबर येसूपासून दोन हातांवर उभं होतं. त्यानं येसूकडं पाहिलं, मान वळवली आणि थांबलेल्या माणसांच्या मधून सावकाश चालत निघून गेलं. कुणी हात उचलला नाही.

त्या संध्याकाळी वाटे पडले नाहीत. काही घरांतून कुरकुर झाली. म्हादू ओट्यावर उठून म्हणाला, "ज्याला मटणाची हाव हाय, त्यानं हौसाच्या दारात जाऊन मागावं." कुरकुर थांबली. वर्ष वाईट गेलं नाही. गेलं असतं तरी गावानं बोल लावला नसता.

पण कोंडबाचा गळा गेला. तो पुढं वीस वर्षं जगला, पण कुजबुजीपलीकडं त्याचा आवाज चढला नाही. तरी म्होरक्या तोच राहिला. हाक्याआधी तो सगळ्यांना रांगेत उभं करी. घोंगड्या दगडावर काढून ठेवायला लावी. मग प्रत्येकानं आपलं नाव मोठ्यानं सांगायचं आणि त्यानं बोटांवर मोजायचं.

आता शिकारीला बंदी आहे, आणि ते बरंच आहे. बंदुका गेल्या, कारवीही विरळ झाली. तरी त्या पहिल्या मंगळवारी पायरघोळ गाव डोंगराच्या पायथ्याशी जमतं. बायाही येतात. पांघरुणं दगडावर काढतात. एकेक जण नाव पुकारतो आणि रान रिकाम्या हातानं खिंडीपर्यंत हाकलं जातं. वर नारळ फुटतो, त्याचे वाटे घरटी सारखे पडतात.

नावं पुकारताना शेवटचं नाव कोंडबाचं असतं. ते सगळं गाव मिळून पुकारतं, कारण त्याला स्वतःला पुकारता येत नाही.