म्हाळूनं पारखून आणलेली गाडी

एका गावात एक भोळा नवरा होता. नवरे बरेच होते, भोळा एकच. त्याचं नाव म्हाळू.

त्याची बायको शालन जेवणाचे डबे करून द्यायची. तिच्या हाताला चव होती. जवळच्या कारखान्यातून एकदम साठ डब्यांची ऑर्डर आली. पण सुपरवायझरनं सांगितलं, ताई, डबे वेळेवर आले पाहिजेत, स्वतःची गाडी बघा. सोमवारी गाडी दिसली नाही तर ऑर्डर दुसऱ्याला.

शालननं साठवलेले पैसे काढले आणि म्हाळूला जुनी व्हॅन बघायला पाठवलं. कणिक तिला मळायची होती, म्हणून तो गेला.

बुधवारी तो खुशीत परत आला. म्हणाला, ‘एकदम सोन्यासारखी गाडी आहे.’

‘कशावरून?’

‘मालकानंच सांगितलं.’

हसू नका. मीही एकदा दुकानदारालाच विचारलं होतं, या साडीचा रंग जाईल का? तो नाही म्हणाला. माझ्या घरातले सगळे टॉवेल त्यानंतर गुलाबी आहेत.

शालननं त्याला समजावलं. जुन्या गाडीची दरवर्षी तपासणी झालेली असते, तिचा फिटनेसचा दाखला असतो, सर्व्हिसचं पुस्तक असतं. ‘अहो, बोलण्यावर जाऊ नका. कागदावर काय लिहिलंय तेच खरं धरा.’

म्हाळूनं मान डोलावली.

गुरुवारी तो दुसरी गाडी बघायला गेला. गाडी बाभळीखाली उभी होती. एका चाकाच्या जागी दगड होता. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. म्हाळूनं तिकडं बघितलंच नाही. कागद मागितले. तपासणी झालेली, शिक्का मारलेला, मुदत अजून आठ महिने.

मालक माणूस सरळ होता. म्हणाला, ‘दादा, तपासणीनंतर पुलावरून खाली गेली ती. भंगारात द्यायचीय.’

‘मला बनवू नका,’ म्हाळू म्हणाला. ‘इथं स्पष्ट लिहिलंय, रस्त्यावर चालवण्यास योग्य.’

मालकानं त्याला चाक दाखवलं. म्हणजे नसलेलं चाक दाखवलं. म्हाळूनं त्याला शिक्का दाखवला. शेवटी मालकाची बायको बाहेर आली आणि म्हणाली, पिल्लं निघाल्याशिवाय गाडी मिळायची नाही. शालनचे पैसे वाचले ते त्या कोंबडीमुळं.

घरी शालननं कपाळाला हात लावला. म्हणाली, नुसते कागद बघून कसं चालेल? चौकशी नको का? ‘आपण लग्नासाठी मुलगी बघायला जातो तेव्हा कशी करतो? आधी कुठं होती, कुणाच्या हाताखाली होती, काही दुखणं आहे का. शेजारीपाजारी विचारायचं. तशी चौकशी करा.’

शुक्रवारी म्हाळूनं इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी घातली आणि तिसरी गाडी बघायला गेला. एका फुलवाल्याची व्हॅन होती. म्हाळू ओसरीवर पाय दुमडून बसला. म्हणाला, हिला जरा इथून तिथवर चालवून दाखवा. दाखवली. आवाज ऐकवा म्हणाला. हॉर्न वाजवला. गोड होता. मग शेजारी जाऊन विचारलं, स्वभाव कसा आहे, कधी रस्त्यात अडून बसते का? सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. सर्व्हिसच्या पुस्तकात दर तीन महिन्यांचे शिक्के होते. तपासणी चुकलेली नव्हती. कुठं आपटलेली नव्हती. गाडी खरोखर चांगली होती, किंमतही शालनच्या पैशात बसत होती. फुलवाल्याच्या बायकोनं तर पोहेही दिले. म्हाळूनं ते खाल्ले आणि हात धुतले.

फुलवाल्यानं विचारलं, ‘मग, घेताय ना?’

म्हाळू हसला. समोरच्याच्या दारात बसून लगेच होकार कोण देतं? नमस्कार करून उठला आणि म्हणाला, ‘घरी जाऊन कळवतो.’

संध्याकाळी कळवायला फोन केला, तोवर गाडी विकली गेली होती.

शनिवार तोंडावर होता, मग रविवार, आणि मग साठ डबे. शालननं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, ‘पसंत पडली, की तिथंच हो म्हणायचं. पैसे द्यायचे, गाडीत बसायचं आणि निघायचं. मागं बघत बसायचं नाही.’

शनिवारी म्हाळू तालुक्याला गेला. तिथं एका मंडळानं नवी गाडी घेतली होती, म्हणून जुनी काढायची होती. म्हाळूनं सगळं विचारलं. मालक एकच. तपासणी दरवर्षी, वेळेवर. गाडी कायम सावकाश चालवलेली. कधी जास्त माणसं कोंबली नाहीत, मागं झोपून जाणारा एका वेळी एकच. रोज धुतलेली, हार घातलेली. बसणाऱ्यांपैकी कुणाची तक्रार? एकाचीही नाही.

मग शेजारी विचारलं. शेजारच्या म्हातारबांनी गाडीला हात जोडले. म्हणाले, ‘आज ना उद्या सगळ्यांनाच बसायचंय हिच्यात.’

एवढी मागणी आहे म्हटल्यावर म्हाळू घाबरला. तिथंच हो म्हणाला. पैसे दिले, गाडीत बसला आणि निघाला. मागं बघितलं नाही.

गाडी गावात शिरली तशा बायका पदर डोक्यावर घेऊन ओट्यावर आल्या. कोण गेलं, म्हणून एकमेकींना विचारायला लागल्या. शालन बाहेर आली. गाडीला वळसा घालून मागं गेली. मागच्या दारावर लिहिलेलं वाचलं आणि पायरीवर बसली.

पण शालन व्यवहारी. पैसे तर गेलेच होते. तिनं कागद चाळले, इंजिन सुरू करून ऐकलं. गाडी ठणठणीत होती. म्हणाली, नवीन कागद होईपर्यंत गाडीत काडीचाही बदल करू नका, नाहीतर रस्त्यात पोलीस धरतील. फक्त मागच्या दारावर माझं नाव घाला, मोठ्या अक्षरात. काय लिहायचं तेही सांगितलं.

जुनं पुसा, हे सांगायचं राहिलं. आपण बायका इथंच फसतो. अर्धं सांगतो, आणि उरलेलं नवऱ्याला कळेल असं धरून चालतो.

सोमवारी सकाळी मागचा रंग ओला होता, म्हणून डबे बाजूच्या दारानं भरले. शालन पुढं बसली. जेवणाच्या सुट्टीला कारखान्याच्या फाटकात पोचले, तर वॉचमननं टोपी काढली. जेवायला निघालेले कामगार जागच्या जागी उभे राहिले. सुपरवायझर गंभीर चेहऱ्यानं आला, गाडीच्या मागं गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

वर, जुन्या काळ्या अक्षरांत: ‘अंतिम यात्रेची मोफत सोय.’

खाली, ताज्या लाल रंगात: ‘शालनताईंचं घरगुती जेवण. एकदा खाऊन तर बघा.’

मग एकाला आठवलं, आज सोमवार, आपला उपास आहे. दुसऱ्यालाही आठवलं. बघता बघता साठच्या साठ जणांना उपास निघाला.

म्हाळू पुढं आला आणि खिडकीतून शालनला म्हणाला, ‘अगं, आधी चौकशी करायला नको का? साबुदाण्याची खिचडीच करायला हवी होती.’