म्हातारीचे जाळे

पूर्वी शूर्पारक बंदरी तगरसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका गरीब घरात जन्म घेतला होता. नाव यशोधर. कुबेरदत्त नावाच्या बड्या व्यापाऱ्याने त्यांना आपल्या गलबतावर घेतले आणि सफर साधली तर भागीदार करून घेण्याचा शब्द दिला. गरिबाला असा शब्द मिळणे म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन!

गलबत दक्षिणेकडच्या एका बेटाला लागले. तिथली रीत निराळी. परक्याने आपला माल वाळूवर मांडून गलबतावर परतायचे. मग बेटकरी येऊन शेजारी आपला माल ठेवणार आणि रानात निघून जाणार. पटले तर तो उचलायचा, नाही तर तसाच राहू द्यायचा. बोलायचे काही नाही. भाषाच कळत नाही, तर बोलणार काय?

कुबेरदत्ताने लोखंडी कोयते मांडले. बेटकऱ्यांनी शेजारी कापूर ठेवला, चांगला घसघशीत ठेवला. यशोधर उचलायला निघाले, तर कुबेरदत्ताने त्यांचा हात धरला. "थांब रे. घासाघिशीवाचून कसला व्यापार?"

दुसऱ्या दिवशी कापूर वाढला, कासवाच्या पाठी आल्या. कुबेरदत्त ढिम्म. मग पानात बांधलेले भाजके कंद आले, अजून वाफाळत होते. जोडीला तापावरची कडू मुळी. "बघ, कसे वाकताहेत!" कुबेरदत्त खूश झाला. त्यानंतर एक म्हातारी एकटीच आली, मासे धरायचे आपले जाळे त्या राशीवर ठेवले आणि गलबताकडे पाहून हात जोडून निघून गेली.

यशोधरांना प्रश्न पडला. सौद्यात कोणी गरम जेवण घालते का?

"शेठजी, हे लोक घासाघीस करत नाहीत," ते म्हणाले. "आपण माल उचलत नाही, म्हणजे आपण मोठ्या अडचणीत आहोत असे त्यांना वाटते आहे. ते आपल्याला मदत करताहेत. जाळे दिल्यावर ती बाई खाणार काय?"

"देश तसा वेश. त्यांच्याच रीतीने चाललोय ना मी?"

"रीत त्यांची खरी. पण त्यांनी तिच्यात भरवसा घातलाय आणि आपण हाव."

"जाळे परत ठेवलेस तर भागीदारी विसर."

यशोधरांना वाईट वाटले. घरची चूल डोळ्यांपुढे आली. तरीही ते उतरले. पहिल्या दिवसाइतका कापूर उचलला, बाकी सारे कोयत्यांच्या बाजूला सरकवले आणि जाळे त्यावर घडी घालून ठेवले.

कुबेरदत्तानेही आपला शब्द पाळला. शूर्पारकला पोहोचताच त्याने यशोधरांना वाट दाखवली. पुढे ते जन्मभर बंदरावर ओझी वाहत राहिले.

इथवर सांगून भिक्खूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तो यशोधर मी होतो. कुबेरदत्त म्हणजे हा समोर बसलेला भिक्खू मेघिल. आणि ती म्हातारी आज वेशीबाहेर लोकांची दळणे दळून पोट भरते. मेघिल, आज सकाळी तिने पळीभर पेज वाढली, तरी तू तिच्या दारातून हलला नाहीस. मग तिने मडके खरवडून उरलेली तुला दिली. ती अजून उपाशी आहे."

मेघिलाची मान खाली गेली.

"देणाऱ्याला थांबता येत नाही, तिथे घेणाऱ्याने थांबावे," शास्ते म्हणाले. "शील म्हणतात ते हेच."