चिचुंद्रीच्या छपरावरचं काळं शेवाळ

एका डोंगराच्या माथ्यावर, जिथे पूर्वी रान होतं आणि आता नुसता कातळ उरला होता, तिथे एक चिचुंद्री आपल्या पिल्लांना घेऊन राहत असे. तिच्या शेजारी कोल्हा, पलीकडे ससा, त्यापलीकडे घोरपड, अशी दाराला दार लागून प्राण्यांची वस्तीच होती म्हणा ना. प्रत्येकाच्या डोक्यावर छप्पर म्हणून एकेक दगडी चीप. हिवाळ्यात बरं वाटायचं, पण उन्हं चढली की चिपा अशा तापायच्या, की आतलं घर म्हणजे भाजायला ठेवलेलं मडकं. चिचुंद्रीची पिल्लं तोंडं उघडी टाकून पडून राहायची. त्यांना झोप लागली की स्वप्नात पाणी दिसायचं, आणि ती झोपेतच हळू हळू जिभा हलवायची.

वस्तीचा थोरला होता हत्ती. त्याने ठरवलं, की घरांवर हिरवळ धरली तर घरं निवतील. मग वस्तीजवळचं तळं आटलं की तळातला काळा, मऊ गाळ तो सोंडेने काढी आणि ज्याचं छप्पर सगळ्यात हिरवं, त्याला छपरावर घालायला देई. तो पाहणीला येण्याआधी पोपट ओरडत फिरे, "अनुदान! अनुदान!"

"आई, अनुदान म्हणजे काय गं?" एका पिल्लाने विचारलं.

"फुकट मिळतं, पण मागावं लागतं, ते," चिचुंद्री म्हणाली.

तिने पावसाळ्यापासून आपल्या चिपेवर शेवाळ लावलं होतं. खडकाच्या फटीत थोडा पाचोळा दाबायचा, थोडे स्वतःचे केस, त्यावर शेवाळाचा तुकडा. रोज तोंडातून आणलेल्या थेंबाने ती ते भिजवी. पण आता उन्हाने ते सुकून काळं पडलं होतं, नुसता डाग दिसावा तसं. कोल्ह्याने काय केलं? पाहणीच्या सकाळी तळ्याकाठचं गवत तोडून आणलं आणि चिपेवर छान पसरलं.

"कोल्होबा, तुमच्या गवताला मुळं कुठायत?" चिचुंद्रीने भीत भीत विचारलं.

"अगं खुळे, हत्तीदादा एवढे उंच! तिथून मुळं दिसतात होय?"

आणि झालंही तसंच. हत्ती वस्तीतून संथ चालत गेला, वरूनच बघत गेला. चिचुंद्रीच्या घरापाशी म्हणाला, "बाई गं, हे तर जळलेलं आहे."

"जळलेलं नाही दादा, झोपलेलं आहे," ती म्हणाली. पण तिचा आवाज तेवढ्या उंचीवर पोचला नाही. सगळा गाळ कोल्ह्याच्या छपरावर गेला.

आता चिचुंद्रीपुढे एकच वाट उरली. पलीकडच्या ओढ्याला जायचं. पण मध्ये उघडा, तापलेला कातळ, आणि वर घार. तिने पिल्लांना शिकवलं, "पहिल्याने माझी शेपटी तोंडात धरायची, दुसऱ्याने पहिल्याची. काही झालं तरी सोडायची नाही." निघायच्या दिवशी मात्र असा वारा सुटला, की दाराबाहेर नाक काढवेना. दिवसभर आकाश तांबूस, धूसर झालं. कोल्ह्याचं गवत केव्हाच पिवळं पडलं होतं. ते उडालं, आणि धरून ठेवायला काही नाही म्हटल्यावर वाळलेला गाळही धूळ होऊन उडाला. बाकीच्या गुळगुळीत चिपांवरून ती धूळ घसरून गेली. काळ्या शेवाळाने तेवढी ती अडवली, कुशीत घेतली.

पहाटे वारा पडला आणि धुकं उतरलं. सगळी वस्ती ढगात तरंगत असल्यासारखी दिसत होती. शेवाळाने धुकं प्यायलं, गाळाने ते जपलं. चिचुंद्रीने आत हाक दिली, "धरा रे शेपट्या!" शेवटचं पिल्लू उठेचना. "आई, इथंच गार आहे," ते म्हणालं.

तेवढ्यात बाहेर कोल्ह्याचा आवाज आला, "हत्तीदादा, अजून गाळ द्या हो! गेल्या वेळचा पुरला नाही."

हत्ती आला. बघतो तर कोल्ह्याची चीप उघडी बोडकी. पाहणीत कधी नव्हे ती त्याने सोंड खाली सोडली आणि कोल्ह्याच्या दारातून आत घातली. कालची धग तिथे अजून कोंडली होती. त्याने सोंड चटकन मागे घेतली. मग शेजारी, धुक्यात, त्याला हाताएवढा हिरवागार तुकडा दिसला. तिथेही त्याने सोंड आत घातली, आणि बराच वेळ काढलीच नाही.

"दादा, आमच्या घराला वास येतो हं," चिचुंद्री ओशाळून म्हणाली.

हत्ती मोठ्याने शिंकला. "येतो खरा. पण गार आहे गं, गार आहे." मग म्हणाला, "इतकी वर्षं मी छपरं बघितली. छपराखालचं कुणी बघितलंच नाही."

त्या दिवसापासून पाहणीला येताना हत्ती आधी गुडघे टेकतो. गाळाचा वाटा चिचुंद्रीला मिळाला. तिने चिमूटभर शेवाळ काढून कोल्ह्याच्या दारात ठेवलं.

"घ्या. रोज पाणी घाला," ती म्हणाली, "आणि काळं पडलं तर फेकू नका."

तात्पर्य : दाखवण्यापुरतं पसरलेलं वाऱ्याबरोबर जातं, रुजलेलंच मिळालेली मदत धरून ठेवतं, म्हणून मदत देणाऱ्याने वरून हिरवं पाहू नये, वाकून आतला गारवा पाहावा.