पाठ रानाकडे

"...मग सगळे वाळूला कपाळ टेकून सजद्यात असताना तुम्ही उभे का होतात, शेख?"

हुसामनं हे विचारलं तेव्हा त्याच्या कपाळाची वाळूही झटकलेली नव्हती.

शेख मिहरान काठी टेकून उभे होते. ते रानाकडे बघत होते.

गोष्ट फार जुनी आहे. पैगंबरसाहेबांना जाऊन दीड-दोनशे वर्षं झाली असतील-नसतील. मला ती एका म्हाताऱ्या तांडेलानं सांगितली. सुपारीची पोती गलबतात चढली होती, भरतीला वेळ होता, आणि भरतीची वाट बघणाऱ्या तांडेलासारखा सांगणारा मला अजून भेटलेला नाही. खरंखोटं दाखवायला कागद नाही. पण मी ती पाच-सहा ठिकाणी सांगून बघितली आहे, आणि मधेच कुणी उठून गेलं नाही. माल पारखायला मला तेवढं पुरतं.

तर, इराणच्या सीराफ बंदरातून निघालेलं एक गलबत कोकणच्या किनाऱ्यानं खाली चाललं होतं. वाटेत सुकाणू मोडलं. एका निर्मनुष्य खाडीत ते वाळूवर ओढावं लागलं. वर अकरा माणसं. शेख मिहरान, त्यांचा शिष्य हुसाम, आणि बाकी खलाशी नि व्यापारी.

तीन दिवसांच्या वाटेवर जे बंदर होतं, तिथं मुसलमानांची तीस घरं झाली होती. काही अरबांची, काही आपल्याच किनाऱ्यावरच्या माणसांची. मशीद बांधून झाली, पण नमाज पढवायला माणूस नव्हता. तुमचा एक शिष्य आम्हाला द्या, असा त्यांचा शेखांना निरोप होता.

हुसाम बसऱ्याचा. अख्खं कुराण तोंडपाठ, म्हणून हाफिज म्हणवला जाणारा, आवाज असा की वल्ही थांबावीत. निरोप आला त्या दिवसापासून तो मनानं त्या मशिदीत उभाच होता. शेखांनी मात्र अजून हो म्हटलं नव्हतं.

आता एक लक्षात घ्या. मक्का आपल्या पश्चिमेला. म्हणजे या किनाऱ्यावर नमाजाला उभं राहिलं की तोंड समुद्राकडे आणि पाठ रानाकडे. बसऱ्यात मशिदीला चार भिंती असतात. मागं काय आहे, हा विचार तिथं कुणाला करावा लागत नाही.

इथं करावा लागत होता.

त्या दिवशी सकाळी इद्रूस नावाचा खलाशी झऱ्यावर पाणी भरायला गेला आणि रिकामी घागर घेऊन परत आला. हा याच किनाऱ्यावरचा गडी, दोन वर्षांपूर्वी कलमा पढून मुसलमान झालेला. झऱ्याच्या ओल्या मातीत एक ठसा होता. इद्रूसनं त्यात आपला हात ठेवून पाहिला होता. हात आत मावला... बोटं पसरूनसुद्धा.

तो वाघ म्हणाला नाही. रानाच्या तोंडाशी नाव घेत नाहीत. एवढंच म्हणाला, "जनावर आहे. ताजं आहे."

त्यानंतर कुणी पोटभर जेवलं नाही. सुतार सुकाणूवर घाव घालायचा आणि दर दोन घावांनी वळून बघायचा.

दुपारच्या नमाजाला हुसाम पुढे उभा राहिला. मागं ओळ. सजद्यात गेल्यावर इद्रूसनं तीन वेळा डोकं वर करून मागं पाहिलं. आणि ओळीच्या टोकाला शेख मिहरान... ते सजद्यात गेलेच नाहीत. ओळीतून दोन पावलं मागं सरले आणि किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, पाठ करून, काठी धरून, रानाकडे तोंड करून उभे राहिले. इमामाला मागचं दिसत नाही, पण नमाजाच्या शेवटी सलाम फिरवताना हुसामनं मान वळवली तेव्हा त्याला दिसलं.

इद्रूसचं मागं बघणं शेजारच्यानं सांगितलं, तेव्हा आधी हुसामनं राग त्याच्यावर काढला. सगळ्यांसमोर म्हणाला, तुझं मन काब्याकडे आहे की झाडांकडे? तुझ्या ईमानापेक्षा तुझी मान बळकट दिसते.

दोघेतिघे हसले. भ्यालेली माणसं लवकर हसतात.

इद्रूसनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "हाफिजसाहेब, तुमच्या मागं आम्ही होतो. आमच्या मागं शेखबाबांच्या काठीशिवाय काही नव्हतं."

यावर हसलं कोणी नाही.

मग हुसाम शेखांकडे आला, आणि त्यानं तो प्रश्न विचारला, ज्यानं मी सुरुवात केली.

शेखांची नजर रानावरून हलेना, तेव्हा तोच बोलत राहिला. सगळ्यांनी पाहिलं, म्हणाला. गुरूच ज्याच्या मागं सजदा करत नाही, त्याच्या मागं ती तीस घरं कशी उभी राहतील? ही बातमी गलबताच्या आधी बंदरात पोचेल. माझं चुकलं काय? उच्चार चुकला? आयत चुकली?

"नाही," शेख म्हणाले. "एक अक्षर चुकलं नाही."

"मग?"

"मी माझी नमाज नंतर पढेन. एकटा."

"का?"

"कोणीतरी बघत असायला हवं होतं."

हुसामचा चेहरा उतरला. मग ताठ झाला. "शेख, मी फक्त अल्लाहला भितो."

"बरं," शेख म्हणाले आणि वाळूवर बसले. त्यालाही बसवलं. लहान मुलाला विचारावं तसं विचारू लागले. आपल्या दीनाची, आपल्या धर्माची, सुरुवात कुठं झाली?

हुसामला आवडता विषय. तो सांगत सुटला. मक्केजवळचा हिरा डोंगर, त्यातली गुहा, एकांतात बसलेले पैगंबरसाहेब, अचानक समोर आलेला फरिश्ता, आणि पहिला शब्द... वाच.

"मग?"

"मग ते डोंगर उतरून घरी आले."

"कसे आले?"

"थरथरत."

"घरात काय म्हणाले?"

"मला पांघरूण घाला, म्हणाले. खदीजाबींनी पांघरूण घातलं. भीती गेल्यावर मग त्यांनी सगळं सांगितलं."

"पुढे?"

पुढचंही त्याला येत होतं. मक्केत चोरून पढलेली नमाज. छळाला भिऊन समुद्रापार हबशांच्या देशात गेलेली माणसं. स्वतः पैगंबरसाहेब मदिनेला निघाले तेव्हा वाटेत गुहेत काढलेले तीन दिवस... तो एकेक सांगत होता आणि आवाज बारीक होत चालला होता.

"आता चौथ्या सूरेतली ती आयत म्हण," शेख म्हणाले. "भीतीच्या नमाजाची."

हुसामनं म्हटली. न अडखळता. एका गटानं इमामामागं नमाजाला उभं राहावं, हत्यार जवळ ठेवून. त्यांचा सजदा झाला की त्यांनी मागं पहाऱ्याला जावं, आणि ज्यांची नमाज व्हायची आहे त्यांनी पुढं यावं.

"किती वेळा म्हटली असशील?"

"मोजलं नाही. हजार वेळा."

"पढलास किती वेळा?"

हुसाम म्हणाला, "ती लढाईतली नमाज आहे, शेख. तेव्हा शत्रू समोर होता."

"समोर होता," शेख म्हणाले. "तेवढं तरी त्यांना सोपं होतं."

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, वेळ झाली. ऊन तिरपं झालं होतं. शेख स्वतः पुढे उभे राहिले. उरलेल्या दहांचे दोन गट केले, पाच-पाच. प्रवासातली नमाज दोन रकातींची, म्हणजे उभं राहणं, वाकणं, सजदे अशा दोन फेऱ्यांची, म्हणून वाटणी सोपी. पहिली रकात इद्रूसच्या गटानं शेखांमागं पढायची, दुसरी स्वतःची स्वतः उरकून पहाऱ्यावर जायचं. तोवर शेख उभे राहणार. मग दुसऱ्या गटानं येऊन मिळायचं.

हुसाम दुसऱ्या गटात. म्हणजे आधी पहारा.

त्याच्या हातात भाला दिला. बाकी चौघांकडे एक भाला, एक कुऱ्हाड, एक कोयता नि वल्हं. पाचही जण लांब लांब उभे, एकाला दुसऱ्याच्या समोरचं दिसणार नाही इतके. समुद्राकडे पाठ, रानाकडे तोंड. नमाज चालू असताना किब्ल्याकडे पाठ... हुसाम जन्मात असा उभा राहिला नव्हता.

असर मनातल्या मनात पढतात. ऐकू येते ती फक्त इमामाची तकबीर, 'अल्लाहु अकबर'. ती एकदा आली. मग लाटा. मग काही नाही.

समोर करवंदीची जाळी, त्यामागं पुरुषभर गवत, त्यामागं काळोखी झाडं. माकडं सकाळपासून ओरडत होती. आता ती गप्प होती.

दुसरी तकबीर आली. मागचे वाकले.

तिसरी आली. मागचे सजद्यात गेले.

गवत हललं.

वारा नव्हता.

आधी कान दिसला. मग गवतात पिवळा पट्टा, जो गवत नव्हता. मग तोंड. वीस पावलांवर... फार तर पंचवीस.

ते हुसामकडे बघत नव्हतं. हे तांडेलानं मला दोनदा सांगितलं. ते हुसामच्या बाजूनं, त्याच्या पलीकडे, वाळूवर वाकलेल्या पाठींकडे बघत होतं. जनावराला वाकलेली पाठ कळते. उभ्या माणसाचा त्याला संशय येतो, वाकलेल्याचा येत नाही.

हुसामनं आयत आठवली. आली नाही. दुसरी आठवली. अख्खं कुराण ज्याच्या तोंडात, त्याला बिस्मिल्लाहसुद्धा पुरतं सापडेना. ओरडावं तर ते झेप घेईल. पळावं तर... पळावं तर त्या पाठी.

त्याला एवढंच सुचलं. तो एक पाऊल डावीकडे सरकला. जनावर आणि पाठी यांच्या मधोमध.

आता ते त्याच्याकडे बघू लागलं.

किती वेळ गेला, कोण जाणे. एका रकातीला लागतो तेवढाच. मग खांद्यावर हात पडला. हुसाम दचकला, पण मान वळवली नाही.

इद्रूस होता. त्यानंही समोर पाहिलं. त्याचा हात हुसामच्या खांद्यावरच राहिला.

"जा, हाफिजसाहेब," इद्रूस पुटपुटला. "आता मी बघतो."

हुसामचे पाय हलेनात.

"शेखबाबा थांबलेत. जा."

इद्रूसनं भाला त्याच्या मुठीतून सोडवून घेतला. एकेक बोट उचलून.

हुसाम मागं मागं चालत ओळीत पोचला आणि मग वळला. समोर समुद्र आला, मागं रान गेलं. तकबीर झाली. तो वाकला. मग सजदा. कपाळ वाळूला लागलं... आणि माणसाची पाठ एवढी मोठी असते हे त्याला पहिल्यांदा कळलं. मान वर करावी, एकदाच बघावं, असं अंगातलं हाड न् हाड म्हणत होतं.

मागं कोण होतं? इद्रूस. ज्याचं त्यानं दुपारी सगळ्यांत हसं केलं होतं, तो.

हुसामनं मान वर केली नाही.

सलाम फिरला. सगळे एकदम मागं वळले. इद्रूस आणि चौघे जागच्या जागी उभे होते. गवत स्थिर होतं.

"गेलं," इद्रूस म्हणाला. मग जरा वेळानं, "आत गेलंय. लांब गेलेलं नाही."

हुसाम गलबताच्या सावलीला जाऊन बसला. उन्हाळ्याची संध्याकाळ, वाळू तापलेली, आणि त्याचे दात वाजत होते. गुडघे पोटाशी घेतले तरी थांबेनात.

"मला काहीतरी पांघरायला द्या," तो म्हणाला.

शिडाचं एक फाटकं कापड पडलं होतं. इद्रूसनं ते झटकलं आणि त्याच्या अंगावर घातलं. गळ्यापाशी नीट खोचलं. शेख मिहरान बघत होते. आपण कुणाचे शब्द बोललो ते हुसामच्या लक्षात आलं नाही.

बऱ्याच वेळानं दात थांबले.

मग तो शेखांना म्हणाला, त्या बंदरात तुम्ही दुसरा कोणी ठेवा. मी तिथं उभा राहण्याच्या लायकीचा नाही. मी भ्यालो. जनावर समोर होतं आणि मला एक आयत आठवली नाही. मी अल्लाहचं नावसुद्धा घेतलं नाही. मी फक्त... बघत राहिलो.

"कुणाला?"

"त्याला. आणि मागच्या पाठींना... त्या दिसत नव्हत्या, तरी त्यांनाच."

शेखांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, तांडेलालाही ठाऊक नव्हतं.

सूर्य पाण्यात बुडाला. मगरिबची वेळ. सुतारानं हत्यार खाली ठेवलं. माणसं वाळूवर गोळा झाली आणि, नाही म्हटलं तरी, एकमेकांना चिकटून उभी राहिली. रानातून एकदा, फार खालच्या आवाजात, खाकरल्यासारखा आवाज आला. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

शेख पुढे गेले नाहीत. जागेवरूनच म्हणाले, "हुसाम, पढव."

"शेख, मला अजून भीती वाटते आहे."

"पढव."

हुसाम उठला. शिडाचं कापड त्याच्या खांद्यावर तसंच होतं. तो पुढच्या जागेपर्यंत गेला... आणि किब्ल्याकडे तोंड करायच्या आधी माणसांकडे वळला. एकेकाकडे बघितलं. मग त्यांच्या पलीकडे, गवताकडे. बराच वेळ बघितलं.

"इद्रूसभाई," तो म्हणाला, "तुम्ही चौघांना घेऊन आधी मागं उभे राहा. तुम्हाला लवकर दिसतं. आमचं झालं की मी आवाज देईन, आणि तुमचं होईपर्यंत आम्ही तिथं असू."

इद्रूसनं भाला उचलला. जाता जाता त्याच्या खांद्यावरचं कापड नीट केलं.

शेख मिहरान काठी टेकत त्या पाचांच्या मागं निघाले होते. दोन पावलं गेले आणि थांबले. वळले. काठी वाळूत रोवून ठेवली, आणि पुढच्या ओळीत, हुसामच्या बरोबर मागं येऊन उभे राहिले.

हुसामला वाटलं, त्यांचं चुकलं. "शेख, तुम्ही पहाऱ्याला...?"

"नाही," शेख म्हणाले. "आता मी तुझ्या मागं सजद्यात जाईन."