घरात न गायचे गीत

एकदा एका महाविद्यालयात आधुनिक ग्रीक शिकवणारे एक वृद्ध आचार्य होते. ज्या शहरात ग्रीस म्हटले की लोकांना संगमरवरी देवता आणि दाढीवाले तत्त्वज्ञ तेवढे आठवत, तेथे ते ग्रीकांची आजची बोली, आजचे सण आणि आजची शोकगीते शिकवीत. वर्गात विद्यार्थी मोजकेच. त्यांत एक शिष्या अशी होती, की तिच्या क्रियापदांत चूक काढणे खुद्द आचार्यांनाही जड जाई.

तिचा प्रबंध शोकगीतांवर होता. ग्रीसच्या दक्षिणेकडील डोंगराळ गावांत मृताच्या उशाशी बसून स्त्रिया ही गीते रचतात व गातात. त्यांना ‘मिरोलोया’ म्हणतात. सुट्टीत शिष्या त्या प्रदेशात गेली आणि स्ताव्रूला नावाच्या एका वृद्ध विधवेचे दीर्घ गीत ध्वनिमुद्रित करून घेऊन आली. ते कोणत्याही संग्रहात नव्हते. त्या गीतावर प्रबंध उभा राहणार होता, आणि प्रबंधावर ग्रीसमधील पुढील शिक्षणाची शिष्यवृत्ती. आचार्यांची शिफारस तेवढी बाकी होती.

आचार्यांनी ध्वनिमुद्रण संपूर्ण ऐकले आणि परत दिले; शिफारशीचा विषय मात्र काढला नाही.

शिष्येचा जीव थाऱ्यावर राहीना.

“सर, मुदत संपत आली.”

“संपेल. मुदतीचा स्वभावच तो.”

“गीत आवडलं नाही का?”

“गीत उत्तम आहे,” असे म्हणून आचार्य चहात साखर ढवळू लागत.

ती घरी येऊन पुन्हा ऐके, उणे शोधी. मात्र आरंभीचा भाग दर वेळी वगळी. त्या भागात स्ताव्रूला म्हणत होती, “नको गं पोरी, घरात नको. माझा मुलगा जहाजावर आहे.” त्यावर शिष्येचाच आवाज होता, आर्जवी आणि निर्दोष: “याया, फक्त अभ्यासासाठी.” याया म्हणजे आजी. गीत संपताच म्हातारीने दृष्ट टळावी म्हणून स्वतःच्या छातीवर थुंकल्यासारखे केले होते, त्याचा आवाजही त्यात आला होता. दुसऱ्या दिवशी ती धापा टाकीत बसथांब्यापर्यंत आली आणि म्हणाली, “ते पुसून टाक.” तेव्हा शिष्या केवळ हसली, भाषाच न समजल्यासारखी, आणि बसमध्ये चढली. हे तिने कोणालाही सांगितले नव्हते.

अशात तिच्या भावाचे लग्न आले. घाणा भरण्याच्या दिवशी आचार्यांनाही बोलावणे होते. मुसळाला हळकुंडे बांधली होती, सुवासिनी गात होत्या. आत्याने कौतुकाने विचारले, “काय सर, तुमच्या त्या परदेशी बायका गातात का असं?”

आचार्य म्हणाले, “ही गाणी मी पुष्कळ ऐकली, ताई. मला दुसरं ऐकायचं आहे.” मग शिष्येकडे वळून सर्वांदेखत म्हणाले, “बाळ, तुमच्या गावाकडे मयताच्या घरी बायका जे बोलून बोलून रडतात, ते तुला आजीकडून येतं ना? म्हण बरं. नवऱ्या मुलाला समोर बसव.”

मुसळ उचललेले तसेच राहिले. शिष्येची आई पांढरीफटक पडली.

“अहो, जिभेला काही हाड आहे की नाही?” आत्या कडाडली. “दारात मांडव उभा आहे! एवढे शिकलेले तुम्ही!”

“केवळ अभ्यासासाठी विचारलं.”

“चुलीत घाला तो अभ्यास!”

आचार्यांनी हात जोडले. “चुकलो, ताई. मीठ-मोहरी आणा, पोरावरून उतरवून टाका. अपराध माझा.” मीठमोहरी उतरवून होईपर्यंत ते मान खाली घालून उभे राहिले आणि मग मांडवाबाहेर पडले.

शिष्या संतापाने त्यांच्या मागे धावली. “सर, हे काय केलंत? माझ्या आईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं!”

“तू म्हटलं का नाहीस?”

“भावासमोर? घरात? कुणी गेलेलं नसताना?”

“स्ताव्रूलाच्या घरी त्या दिवशी कोण गेलं होतं?”

शिष्येने मागे वळून मांडवाकडे पाहिले.

आचार्य शांतपणे म्हणाले, “तुझ्या आईला दुखवलं, याचं मला ओझं राहील. पण ऐक. गीत कोठे गाऊ नये, हा नियमही गीताचाच भाग असतो. तो सोडून उरलेले शब्द आणलेस, तर गीत अर्धंच आणलंस. प्राचीन ग्रीक ज्यांची होती, ती माणसं गेली. त्यांचं काहीही उघडून वाच, ती आडवी येणार नाहीत. तू आधुनिक ग्रीक निवडलीस. आधुनिक याचा अर्थ इतकाच, की ती बोलणारी माणसं जिवंत आहेत, आणि जिवंत माणूस ‘नको’ म्हणू शकतो. तुला तिच्या भाषेतलं सगळं आलं. तेवढा एक शब्द तू समजून घेतला नाहीस.”

“समजला होता, सर,” शिष्या हळूच म्हणाली.

“मग शिफारस मी काय लिहू, ते तूच सांग.”

लग्न पार पडले. वऱ्हाड परतल्यावर शिष्येने स्ताव्रूलाला फोन लावला. पहिल्याच वाक्यात तिची क्रियापदे अडखळली.

“याया, त्या दिवशी बसजवळ... तू म्हणालीस ते मला समजलं होतं.”

“ठाऊक आहे मला,” म्हातारी म्हणाली. “हसताना तुझे डोळे हसत नव्हते. पुसलंस?”

“आता पुसते.”

“पूस. मग बोलू.”

तिने ते पुसले. प्रबंधाचा कणाच गेला. शिष्यवृत्ती त्या वर्षी दुसऱ्या कोणाला मिळाली. प्रबंध तिने नव्याने लिहावयास घेतला, आणि तो कोठे नेऊन पोहोचवील, हे तिलाही सांगता येत नसे. गीताची चाल मात्र तिला पाठच झाली होती. कधी स्वयंपाक करताना ती नकळत ओठांवर येई. मग आतल्या खोलीत भाऊ-भावजयीचे बोलणे ऐकू आले, की शिष्या ओठ मिटून घेई.